मैदानावरचे प्राध्यापक : अलोन्झो स्टॅग

इ. स. १८९० च्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरात एक विद्यापीठ फक्त कागदावर उभे होते. तेलाच्या धंद्यात अमाप पैसा मिळविलेल्या जॉन रॉकफेलर यांनी मोठी देणगी देऊ केली होती. पण इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते आणि विद्यार्थी तर नव्हतेच. अशा वेळी या नियोजित विद्यापीठाचे होणारे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू, विल्यम रेनी हार्पर ज्या थोड्या माणसांच्या मागे लागले होते, त्यांत अठ्ठावीस वर्षांचा एक खेळाडू होता. हार्पर स्वतः हिब्रू भाषेचे नामांकित पंडित. पण भाषा आणि विज्ञान शिकविणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांना खेळ शिकविणारा माणूसही हवा होता, आणि तो भिंती उभ्या राहण्याच्या आधी हवा होता. त्या तरुणाचे नाव अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग.

महाविद्यालयाने आपल्या संघाचा प्रशिक्षक कसा निवडावा, कोणी निवडावा आणि मुळात कशासाठी निवडावा, हे प्रश्न अमेरिकेत आजही दर वर्षी गाजतात. स्टॅग यांच्या एकशेदोन वर्षांच्या आयुष्यात या प्रश्नांची अनेक उत्तरे सापडतात, आणि ती एकमेकांशी भांडणारी आहेत. म्हणूनच हे चरित्र आपणही समजून घेण्यासारखे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असते. कबड्डीपासून क्रॉसकंट्रीपर्यंत सगळे संघ त्यांनीच उभे करायचे आणि जिमखान्याचा हिशेबही त्यांनीच ठेवायचा. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रत्येक खेळाला स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक असतो, आणि या प्रशिक्षकांना शोधणारा, नेमणारा व प्रसंगी घरी पाठविणारा अधिकारी म्हणजे क्रीडासंचालक. तेथील फुटबॉलही आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडत पुढे जायचे, असा तो अकरा-अकरा गड्यांचा दांडगा खेळ आहे. महाविद्यालयांच्या या सामन्यांना तिकिटे काढून हजारो लोक येतात. त्यामुळे फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक कोण, हा तेथे साऱ्या गावाचा प्रश्न होऊन बसतो.

अलोन्झोचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवून आणि मिळेल ती मजुरी करून मोठा संसार चालवीत. घरात पुस्तकांपेक्षा खाणारी तोंडे जास्त. मुलाने हातापायांनी काम करायचे आणि त्यातून उरलेल्या वेळात शिकायचे, असा शिरस्ता होता. त्यामुळे शालेय शिक्षण पूर्ण व्हायला त्याला एकविसावे वर्ष उजाडले. ज्या वयात श्रीमंतांची मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, त्या वयात हा मुलगा महाविद्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. प्रवेशाच्या तयारीसाठी एक वर्ष एक्झिटर येथील अकादमीत काढून १८८४ मध्ये तो येलला दाखल झाला. तेथे पडेल ते काम करून, अर्धपोटी राहून त्याने दिवस काढले. घरातून पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढणाऱ्याला फीच्या जोडीला खोलीभाडे, कपडे आणि जेवण यांचीही गणिते सोडवावी लागतात. ती आपल्यापैकी अनेकांना कोणी समजावून सांगायला नको.

येलमध्ये तो बेसबॉलचा गोलंदाज म्हणून चमकला. त्याच्या काळात येलने अजिंक्यपदे मिळविली आणि व्यावसायिक संघ त्याच्या खोलीपर्यंत येऊन पोचले. त्यांनी देऊ केलेल्या रकमा मोच्याच्या घरात कोणी स्वप्नातही पाहिल्या नसतील. त्याने नकार दिला. पैशासाठी खेळणे त्याला पटत नव्हते. शिवाय त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. फुटबॉलमध्येही तो पुढे आला आणि १८८९ मध्ये साऱ्या देशातून निवडलेल्या पहिल्यावहिल्या नामवंत अकरांत त्याचे नाव झळकले. याच सुमारास येलमध्ये हिब्रू शिकविणाऱ्या हार्पर यांच्या वर्गात तो बसला. पुढे घडलेल्या साऱ्या गोष्टींचे बीज त्या वर्गात आहे.

धर्मोपदेशक होण्यासाठी त्याने पुढचे शिक्षणही सुरू केले, पण आपल्याला व्यासपीठावर बोलता येत नाही हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. धर्मोपदेशकाला वाणी नसेल तर त्याने काय करावे? अलोन्झोने वेगळा मार्ग धरला. जे तोंडाने सांगता येत नाही ते मैदानावर शिकवावे, असे ठरवून तो १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात गेला. तेथे त्याच्या फुटबॉल संघात जेम्स नेस्मिथ नावाचा एक गडी होता. याच नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावला. मार्च १८९२ मध्ये या नव्या खेळाचा शिक्षकांविरुद्ध विद्यार्थी असा जाहीर सामना झाला. शिक्षक हरले आणि त्यांच्या बाजूने झालेला एकमेव गोल स्टॅगचा होता. आपल्या देशाशीही या विद्यालयाचे नाते आहे. १९२० मध्ये मद्रासला वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे हॅरी बक हे स्प्रिंगफील्डमध्येच तयार झाले होते.

आता त्या नेमणुकीची हकीकत. हार्पर यांनी जाहिरात दिली नाही, अर्ज मागविले नाहीत, समितीही नेमली नाही. आपल्या जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी न्यूयॉर्कला भेटीस बोलाविले आणि शिकागोची योजना समजावून सांगितली. वर्षाला पंधराशे डॉलर देऊ, असे ते म्हणाले. स्टॅग गप्प राहिला. हार्पर यांनी दोन हजार डॉलर आणि साहाय्यक प्राध्यापकाचे पद देऊ केले. तरी तो गप्पच. मग अडीच हजार डॉलर, सहयोगी प्राध्यापकाचे पद आणि तेही तहहयात, असा प्रस्ताव आला. ही हकीकत स्टॅग यांनीच पुढे सांगितली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या मौनात घासाघीस मुळीच नव्हती. एवढी मोठी योजना ऐकून त्यांना काय बोलावे तेच सुचले नव्हते. व्यासपीठावर आडवे आलेले मौन येथे असे कामी आले!

या नेमणुकीतील महत्त्वाची गोष्ट पगाराची नाही, पदाची आहे. त्या काळी महाविद्यालयांचे संघ बहुधा विद्यार्थीच चालवीत. एखादा जुना खेळाडू हंगामापुरता येऊन शिकवी आणि निघून जाई. हार्पर यांनी शारीरिक शिक्षण व खेळ यांचे स्वतंत्र खाते काढले आणि त्याच्या प्रमुखाला इतर प्राध्यापकांच्या पंक्तीला बसविले. सामने हरला म्हणून इतिहासाच्या प्राध्यापकाला जसे कोणी काढीत नाही, तसे यालाही काढता येणार नव्हते. हार्पर यांचा हेतू निव्वळ शैक्षणिक होता असे मात्र समजू नये. नव्या विद्यापीठाचे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर जायचे तर फुटबॉलइतके स्वस्त आणि जलद साधन दुसरे नाही, हे त्या पंडिताने अचूक ओळखले होते. म्हणजे शिक्षक म्हणून मान द्यायचा आणि जाहिरात म्हणून उपयोग करून घ्यायचा, असे दोन्ही हेतू त्या एकाच नेमणुकीत होते. पुढील चाळीस वर्षे ते कधी एकमेकांना सांभाळून राहिले, तर कधी एकमेकांवर उठले.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठ सुरू झाले आणि स्टॅग यांनी लगेच सराव चालू केला. खेळाडू इतके थोडे होते की पहिल्या हंगामात प्रशिक्षक स्वतःच संघातून खेळले! मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने दिलेल्या जागेवर मैदान तयार झाले आणि त्याचे कुंपण घालायला स्टॅग आणि विद्यार्थी स्वतः राबले. त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या स्टेला रॉबर्टसन यांच्याशी १८९४ मध्ये त्यांचा विवाह झाला. स्टेलाबाई सामन्यांच्या नोंदी ठेवीत, प्रतिस्पर्ध्यांचा खेळ पाहून टिपणे काढीत. स्टॅग दारू पीत नसत, तंबाखू ओढीत नसत आणि मुलांना शिव्या देत नसत. फारच संतापले तर गाढव म्हणत. ही त्यांची मोठ्यात मोठी शिवी. यश येत गेले. १८९९ ते १९२४ या काळात शिकागोने पश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेचे अजिंक्यपद सात वेळा मिळविले. १९०५ मध्ये छप्पन्न सामन्यांत एकदाही न हरलेल्या मिशिगनला शिकागोने २-० असे नमविले, तेव्हा शहर वेडे झाले.

पण त्याच वर्षी एक काळी बाजूही पुढे आली. कॉलियर्स या साप्ताहिकाने पश्चिमेकडील विद्यापीठांच्या फुटबॉलवर लेखमाला छापली. खेळाडू कसे ओढून आणले जातात आणि अभ्यासात त्यांना कशा सवलती दिल्या जातात, याचे ते वाभाडे होते व त्यातून शिकागोही सुटले नव्हते. शिकागोचा तारा वॉल्टर एकरसॉल हा मैदान गाजवून पदवी न घेताच बाहेर पडला. ज्या शिक्षकाने पैशासाठी खेळणे नाकारले होते, त्याच्याच छायेत हे घडले. याचे कारण व्यवस्थेत होते असे मला वाटते. स्टॅग हे प्रशिक्षक होते आणि क्रीडासंचालकही होते. त्यांच्या खात्याचा जमाखर्च बराचसा त्यांच्याच हाती होता आणि ते थेट अध्यक्षांना जबाबदार होते. निवडणारा आणि निवडला गेलेला एकच असला की प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. मग माणूस कितीही सज्जन असो.

स्टॅग यांच्या शब्दाला देशभर वजन आले होते. १८९८ मध्ये कान्सास विद्यापीठाला प्रार्थना चालवील आणि शारीरिक शिक्षणही देईल असा माणूस हवा होता. विचारणा हार्पर यांच्याकडे आली, ती स्टॅग यांच्याकडे गेली आणि त्यांनी आपल्या जुन्या मित्राचे, नेस्मिथचे नाव सुचविले. त्या शिफारशीत त्याच्या वैद्यकीय पदवीचा, धर्मनिष्ठेचा आणि निर्व्यसनीपणाचा उल्लेख होता असे सांगतात. गंमत अशी की बास्केटबॉलचा हा जनक कान्सासचा प्रशिक्षक म्हणून जिंकला त्यापेक्षा जास्त सामने हरला. तरीही त्याच्या हाताखालून फॉग अ‍ॅलन यांच्यासारखा नामांकित प्रशिक्षक निघाला. मग ती निवड चुकली म्हणायची की साधली?

दुसरे उदाहरण जेसी हार्पर यांचे. अध्यक्ष हार्पर यांचे ते नातलग नव्हेत. स्टॅग यांच्या हाताखाली खेळून १९०६ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये नोटर डेम येथे प्रशिक्षक व क्रीडासंचालक म्हणून गेले. त्यांच्या संघात नूट रॉकनी नावाचा, लहानपणी नॉर्वेहून आलेला, एक गडी होता. शिक्षण संपल्यावर तो तेथेच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करी आणि संध्याकाळी हार्पर यांना मैदानावर मदत करी. १९१८ मध्ये कान्सासमधील गुराढोरांचा मोठा मळा सांभाळण्यासाठी हार्पर यांनी नोकरी सोडली, तेव्हा आपल्या जागी रॉकनीच नेमावा असा त्यांनी आग्रह धरला. बाहेरचा मोठ्या नावाचा माणूस आणण्यापेक्षा चार वर्षे रोज डोळ्यांसमोर काम केलेला माणूस त्यांना अधिक भरवशाचा वाटला. रॉकनी यांनी तेरा हंगामांत १०५ सामने जिंकले आणि फक्त १२ गमावले. १९३१ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला तेव्हा सारा देश हळहळला. क्रीडासंचालकाने केलेल्या उत्तम निवडीचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणि ती निवड करणारी नजर स्टॅग यांच्या मैदानावर घडली होती.

इकडे शिकागोत काळ बदलत होता. अध्यक्ष हार्पर १९०६ मध्येच वारले होते. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स हे अवघे तीस वर्षांचे गृहस्थ अध्यक्ष झाले. विद्यापीठ हे ज्ञानासाठी आहे आणि फुटबॉलचा ज्ञानाशी काही संबंध नाही, हे त्यांचे स्पष्ट मत होते. स्टॅग यांचा संघही आता पूर्वीसारखा जिंकत नव्हता. १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि निवृत्तीचा नियम त्यांना लागू करण्यात आला. मैदानाबाहेरचे दुसरे काम देऊ केले गेले; ते त्यांनी नाकारले. एकेचाळीस हंगाम शिकविल्यावरही आपण थकलो आहोत असे त्यांना वाटत नव्हते. नियम सर्वांना सारखा असावा, हे हचिन्स यांचे म्हणणे खोटे नव्हते. प्राध्यापकपदाचा मान घ्यायचा तर प्राध्यापकांचा निवृत्तीचा नियमही मानावा लागतो. पण ज्याने आयुष्यभर मैदानावर उभे राहून शिकविले त्याला मैदान सोडून पगार घ्यायला सांगणे म्हणजे काय, हे त्या जागी उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

स्टॅग यांच्यानंतर शिकागोत दोन कामे दोघांकडे गेली. नेल्सन मेटकाफ क्रीडासंचालक झाले आणि क्लार्क शॉनेसी हे फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. निवडणारा वेगळा, शिकविणारा वेगळा, अशी आजची रीत तेथेही रुजली. शॉनेसी कल्पक होते. त्यांच्या संघातील जे बरवँगर याला १९३५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा, पुढे हाइजमन नावाने प्रसिद्ध झालेला, पुरस्कार पहिल्यांदा मिळाला. तरीही संघ ढासळतच गेला. विद्यापीठालाच फुटबॉल नको होता. चांगले खेळाडू यावेत यासाठी कोणी बोट उचलीत नव्हते. १९३९ मध्ये मिशिगनने शिकागोला ८५-० असे धुळीस मिळविले. तेव्हा मिशिगनचे प्रशिक्षक होते फ्रिट्झ क्रायसलर, म्हणजे स्टॅग यांचेच विद्यार्थी! त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिकागोने फुटबॉल बंद केला. शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि १९४० च्या हंगामात त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. तोच माणूस, तीच विद्या, एका वर्षाचे अंतर! प्रशिक्षक कितीही पारखून घ्या, संस्थेच्या मनात काय आहे ते ठरलेले नसेल तर निवड वाया जाते, हा धडा यात आहे.

सत्तरीतले स्टॅग मात्र १९३३ मध्ये रेल्वेने पश्चिमेला गेले. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाचे लहानसे महाविद्यालय होते. त्याच्या प्रमुखांनी या वृद्धाचे वय पाहिले नाही, उत्साह पाहिला. १९३८ मध्ये स्टॅग आपला संघ घेऊन शिकागोला आले. ज्या मैदानाला त्यांचे स्वतःचे नाव दिले होते, त्यावर पाहुणे म्हणून उभे राहून त्यांनी शिकागोचा ३२-० असा पराभव केला. त्या दिवशी त्यांना आनंद झाला असेल की दुःख? मला वाटते, दोन्ही झाले असेल. १९४३ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविले. दरम्यान शिकागोच्या त्या ओस मैदानात वेगळाच इतिहास घडला. २ डिसेंबर १९४२ रोजी एनरिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या पश्चिमेकडील सज्जाखाली जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. आज त्या जागी विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय उभे आहे. हचिन्स यांची बाजू मांडायला याहून मोठा साक्षीदार नको.

१९४६ मध्ये पॅसिफिकनेही त्यांना सल्लागाराचे शोभेचे पद देऊ केले. ते सोडून चौऱ्याऐंशी वर्षांचे स्टॅग पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना येथे मुलाच्या मदतीला गेले. १९५२ पर्यंत बापलेकांनी मिळून संघ शिकविला. मग आजारी पत्नीजवळ राहण्यासाठी ते स्टॉक्टनला परतले आणि तेथील एका लहान महाविद्यालयाच्या मुलांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवीत राहिले. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी मैदानाचा निरोप घेतला. १९६४ मध्ये स्टेलाबाई गेल्या आणि १७ मार्च १९६५ रोजी स्टॅग यांनी देह ठेवला. त्यांच्या नावावर ३१४ विजय जमा होते. हा आकडा १९८१ मध्ये अलाबामाच्या पॉल ब्रायंट यांनी मागे टाकला.

आज अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षकाची निवड हा कोट्यवधी डॉलरचा व्यवहार झाला आहे. हंगाम संपण्याच्या आतच जुन्याला निरोप मिळतो. क्रीडासंचालक उमेदवार शोधून देणाऱ्या खासगी संस्था हाताशी धरतात, देणगीदारांची मर्जी पाहतात, वकील बसवून करार करतात. करार मुदतीआधी मोडला तर द्यायची भरपाईही आधीच लिहून ठेवलेली असते. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वांत महागडा माणूस फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. तहहयात प्राध्यापकपद देऊ करणारे हार्पर आज कोणाला वेडे वाटतील.

आपल्याकडे एवढा पैसा नाही आणि एवढी घाईही नाही. पण शिक्षक निवडताना संस्था स्वतःचाही हेतू निवडीत असते, ही गोष्ट तेथे जितकी खरी तितकीच येथेही आहे. ढाली हव्या असतील तर ढाली जिंकून देणारा माणूस सापडतो. जाहिरात हवी असेल तर तोही सापडतो. पण हंगाम संपल्यावर, ढालींवर धूळ बसल्यावर, आपल्या हाताखालून कोणती माणसे बाहेर पडली हे ज्याला मोजता येते, असा माणूस शोधायला निवडणाऱ्याच्या अंगी तशीच नजर लागते. हार्पर यांना ती वर्गात बसलेल्या एका अबोल, अर्धपोटी विद्यार्थ्याकडे पाहताना लाभली होती. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा प्राध्यापक झाला, तो त्या नजरेमुळे.

(द्वितीय वर्ष, कला)